चौदा घरांची सुगडं

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. जव्हार, माझ्या घराची मागची पडवी. हजर: मी, गावाच्या खालच्या अंगाला राहणारी कुंभारीण मावशी, विजेवर चालणारं माझं चाक, शेजाऱ्यांचं मांजर, अर्धा वेळ. गैरहजर: मावशीचा नवरा, भाद्रपदात वारला. तिचे दोन्ही मुलगे, भिवंडीला गोदामात कामाला, दिवाळीला येऊन गेले. माझी आई, तिला जाऊन दोन वर्षं झाली.

हजेरी मांडून मगच कामाला लागायचं ही माझी कचेरीतली सवय. मी मोखाड्याला एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. येईल त्या कागदाला क्रमांक, जाईल त्या कागदाला क्रमांक. सत्तावीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही वही ठेवतो. मी लग्न केलं नाही. घरात आई आणि मी दोघीच, आणि शेवटची सहा वर्षं आई अंथरुणावर. त्या काळातल्या वह्यांत रविवारची यादी सगळ्यात लांब आहे: चादरी, औषधं, आंघोळ, नखं, डॉक्टरांना फोन. आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी वहीत तारीख लिहिली आणि खाली काही सुचेना. शेवटी ‘दूध आणणे’ एवढं लिहिलं. ते साडेसातलाच उरकलं.

चाक त्या रिकाम्या रविवारांमुळे आलं. नाशिकला एक मातीकामाचा वर्ग बंद होत होता, त्यांचं जुनं विजेचं चाक मी घेतलं आणि टेंपोतून आणवलं. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकायला लागले. काय काय यायला हवं याची यादी केली. मातीचा गोळा चाकाच्या बरोबर मधोमध बसवणे. अंगठ्याने मध्ये खड्डा पाडणे. भिंत वर ओढणे. काठ सारखा करणे. दोऱ्याने कापून उतरवणे. वर्षभर पहिल्या ओळीवरच अडकले होते. गोळा मधोमध बसला नाही की तो हाताखाली लंगडत फिरतो, आणि त्यातून जे निघतं ते एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. असलं एक भांडं मी कचेरीत पेनं ठेवायला नेलं होतं. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, “मॅडम, कुत्र्याला पाणी ठेवायला छान आहे हो.” सगळे हसले. मीही हसले आणि ते परत पिशवीत घातलं.

आणलेली माती संपली तेव्हा मी पहिल्यांदा कुंभाराकडे गेले. म्हातारा अंगणात चाकावर बसला होता. मोठं जड चाक, काठीने गरगर फिरवायचं आणि ते फिरतंय तोवर काम उरकायचं. मी विचारलं, शिकवाल का.

“आमच्यात बायांनी चाकाला हात नाय लावायचा,” तो म्हणाला. रागाने नाही; इथे विहीर नाही असं सांगावं तसं.

“पण माझ्याकडे माझं चाक आहे. विजेवरचं.” मी मोबाइलवर फोटो दाखवला.

त्याने फोटो बराच वेळ न्याहाळला आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, “ए, बघायला ये. बाईंनी मिक्सर आणलाय.” मग मला म्हणाला, “मिक्सरला काय हरकत नाय. मिक्सर बायांचाच असतो.”

तेव्हापासून माझ्या चाकाचं नाव मिक्सर पडलं. पाऊस उघडला की बघायला येतो, असं तो म्हणाला होता. पाऊस उघडायच्या आधीच गेला.

दिवाळीनंतर मी मातीसाठी पुन्हा गेले तेव्हा त्याचं चाक गोणपाटाखाली झाकलेलं होतं आणि मावशी त्याच्याभोवतीचं अंगण झाडत होती. गोणपाटाला झाडू लागणार नाही अशा बेताने. मी पायरीवर बसले. कुणी गेलं की लोक जे बोलतात ते बोलून झालं. मग तिने आपल्या मनातलं काढलं.

संक्रांतीला घरोघरच्या सवाष्णी सुगडं पुजतात. ही छोटी मडकी, एका घराला पाच, त्यात बोरं, ऊस, हरभरे, तिळगूळ भरायचा. जव्हारमधली चौदा घरं मावशीच्या सासूच्या वेळेपासून सुगडं यांच्याकडूनच घेत आलेली. नवरा करायचा, मावशी भोगीच्या आदल्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार पोचवायची.

“वर्षाकाठी तेवढा एक दिवस, बाय,” ती म्हणाली. “घरात बोलावतात. बसवतात. चहा देतात, पोरांचं विचारतात. कुणाला नात झाली, कुणाची सून पळाली, सगळं कळतं. यंदा मी गेले नाय तर बाजारातल्या गाडीवरून घेतील. पुढच्या वर्षी मला कोण शोधणार? मग हायेस काय मेलीस, विचारायला दार तरी कुणाचं?”

तिने झाडू भिंतीला टेकवला.

“तुझ्या मिक्सरवर होतील काय?”

तोवर मी एकसारखी दोन भांडी कधी केली नव्हती. पण समोर काम असलं की माझं डोकं आपोआप चालतं. चौदा घरं, प्रत्येकी पाच, म्हणजे सत्तर. फुटतुटीसाठी तीस जादा. सात रविवार घडवायला, एक वाळवायला आणि भाजायला. मी तिथेच पिशवीतून वही काढून लिहायला लागले. मावशी म्हणाली, “लिहून काय मडकं होतंय?” तरी पुढच्याच रविवारी साडेनऊला ती माझ्या पडवीत होती, डोक्यावर मळलेल्या मातीचा गोळा घेऊन.

शिकवणारी अशी मिळाली की जिने आयुष्यात एकदाही चाक फिरवलं नव्हतं. चाळीस वर्षं तिने माती चाळली, राख मिसळून पायाने मळली, नवऱ्याने उतरवलेली मडकी लाकडी थापीने ठोकून गोल केली, गेरू दिला, भाजायला आवा लावला. चाकाच्या आधीचं सगळं तिचं आणि चाकाच्या नंतरचंही सगळं तिचं. मधलं तेवढं नाही. माझ्या मिक्सरलाही ती हात लावत नसे. काही दाखवायचं झालं तर झाडूचा हीर मोडून त्याने दाखवी.

पण ओलं भांडं हातात घेतलं की तिला सगळं कळायचं. अंगठा भिंतीवरून खालून वर फिरवायची आणि म्हणायची, “हितं जड. हितं घाई केलीस. हितं तुझं लक्ष दुसरीकडं होतं.”

“कुठे होतं?”

“ते मला काय ठावं? फोन वाजला असंल.” फोन खरंच वाजला होता. कर्जाच्या जाहिरातीचा.

पहिल्या रविवारी एकही सुगड धड निघालं नाही. मी फार पाणी वापरत होते, माती लोण्यासारखी होऊन बसत होती. दुसऱ्या रविवारी तिने मला कोपर मांडीवर रोवून बसायला लावलं. नवऱ्याच्या धोतरावर उजव्या मांडीशी कायम एकच डाग पडायचा, तो तिने चाळीस वर्षं धुतला होता, त्यावरून तिला माहीत होतं. कोपर रोवल्यावर हात हलेना आणि हात हलेना म्हटल्यावर गोळा सरळ झाला. वर्षभर व्हिडिओ बघून जे जमलं नव्हतं ते धोतराच्या डागाने जमलं. मी वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. त्या दिवशी मावशी चार वाजता गेली तेव्हा मला ती अर्धा तास जास्त थांबायला हवी होती. तसं म्हणायचं कारण सापडलं नाही. कप दोनच होते, ते धुतले. मग पडवी धुतली, धुवायची गरज नसताना.

तिसऱ्या रविवारी बावीस सुगडं झाली. छोट्या भांड्यांची रीत अशी की मोठा लांबट गोळा चाकावर बसवायचा आणि फक्त त्याच्या शेंड्यातून एक सुगड काढायचं, दोऱ्याने कापायचं, मग उरलेल्या शेंड्यातून दुसरं. बावीस सुगडं फळीवर ओळीने मांडली. माझ्या हातून एकाच आकाराच्या बावीस वस्तू! दर संध्याकाळी कचेरीतून आले की आधी त्यांच्याकडे बघायची. घरात शिरल्यावर कुणाकडे तरी बघायचं असतं याची सवय मोडली होती, ती परत लागली.

गुरुवारी पहिली चीर दिसली. शुक्रवारी सगळ्यांच्या बुडाला चिरा होत्या, भाताच्या काडीएवढ्या, वळण घेतलेल्या. बावीसपैकी बावीस.

चौथ्या रविवारी मावशीने एकेक उलटं करून पाहिलं. “म्हाताऱ्याच्या सुगडाला बुडात चीर कवाच गेली नाय.”

“ते काय करायचे?”

“ते आतल्या हाताचं. मला काय दिसणार? मी आवाराच्या त्या टोकाला माती मळायची. मडकं फळीवर आलं की माझं.”

मी व्हिडिओ शोधला. तिने बघितला आणि मान हलवली. “हा कुठला गोरा? याची माती वेगळी, हवा वेगळी.” मग ती पडवीच्या कठड्याला टेकून बसली. “बंद कर ते घर्रघर्र.”

मी मिक्सर बंद केला. तिने डोळे मिटले. हात मांडीवर होता. जरा वेळाने बोटं हलायला लागली.

“आधी काठी. मग चाक, घूंऽऽ. मग पाण्यात हात. मग काय नाय, काय नाय, काय नाय.” भिंत वर चढत असावी तेवढा वेळ ती गप्प राहिली. “मग दोरा. सुगड फळीवर. मग,” तिने तळवा मांडीवर आपटला, “थप. थप. दोनदा. दरखेपेला. मग परत पाण्यात हात.”

“सुगड उतरवल्यावर थप थप? कशावर?”

तिने डोळे उघडले. “मला वाटायचं हात झाडतोय.”

आम्ही दोघी चाकाकडे बघत राहिलो. चाकावर कापून उरलेला मातीचा शेंडा होता, वरून दोऱ्याने खरवडलेला, सैल. पुढच्या सुगडाचं बूड त्यातूनच होणार होतं. मी तळव्याने त्याच्यावर दोनदा मारलं. थप, थप. माती बसली.

“अजून जोरात,” मावशी म्हणाली. “त्याचा मला पार त्या टोकाला ऐकू यायचा.”

त्या दिवशी अठरा झाली. पुढचा आठवडा मी फळीपुढून जाताना मान वळवायची नाही असं ठरवलं आणि रोज वळवली. दोनच चिरली. रविवारी मावशीला सांगितलं तर ती हसली नाही. “चाळीस वरसं ऐकलं,” म्हणाली, “कवा विचारलं नाय.”

बाकीचे रविवार वेगाने गेले. वीज गेली तर आम्ही पडवीत बसून शेंगा खायचो. माझे काठ ओल्या चिंधीने गुळगुळीत व्हायला लागले. दोन सुगडांतला फरक सुताएवढा उरला. मी पट्टीने मापायची तेव्हा मावशी म्हणे, “सुगडं हायत, पोलीस भरती नाय.” डिसेंबर संपता संपता तिच्या अंगणात आवा लावला. पेंढा, शेण्या, भाताचा तूस. अर्ध्या सुगडांवर शेवटी ओला पेंढा टाकून धूर कोंडला, ती काळी झाली, बाकीची तांबडी. दुसऱ्या दिवशी राख उपसून मोजली. ब्याऐंशी धड होती. मावशीने एकाला टिचकी मारली, कान लावला आणि ते माझ्या हातात दिलं. टण्ण वाजलं.

भोगीच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली. दोन पाट्या, मध्ये पेंढा. माझ्या हातात घरांची यादी, रस्त्याच्या क्रमाने. मावशीने धुवट लुगडं नेसलं होतं. पहिल्या घराच्या कोपऱ्यावर ती थांबली.

“बाय, तू पुढं हो.”

“का? घरं तुमची आहेत.”

तिने रिकाम्या कपाळाकडे बोट नेलं. “सणाचं, सवाष्णींच्या दारात. अशी?”

“मग मी तरी कोण आहे?”

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि हसू दाबत म्हणाली, “तुझं तर पहिल्यापासनंच मोकळं रान.” मग पाटी डोक्यावर घेतली आणि पुढे झाली.

पहिलं घर निवृत्त शिक्षकांचं. त्यांच्या पत्नीने दार उघडलं आणि एकदम म्हणाल्या, “अगं बाई, आलीस! मला वाटलं यंदा काही तू येत नाहीस.” मावशीला आत स्वयंपाकघरात नेऊन खुर्चीवर बसवलं. दोघी रडल्या. मी दाराशी उभी राहून यादीवर खूण केली आणि मग मलाही बसवलं.

दुसऱ्या घरी माझी यादी चुकली. “पाच नाही हो, दहा लागतील,” बाई म्हणाल्या. “सून आली ना घरात, पहिली संक्रांत तिची. तिची पाच वेगळी.” मला हे ठाऊकच नव्हतं. कसं असणार? आमच्या घरात ना कधी सून आली ना मी कुठे सून म्हणून गेले. सून आल्याचं मावशीलाही ठाऊक नव्हतं, कारण लग्न गेल्या संक्रांतीनंतरचं आणि ती या दारी वर्षातून एकदाच यायची. चौथ्या घरी वर्षाच्या आत कुणी वारलं होतं, सण करायचा नव्हता. तिथे सुगडं नको होती, पण त्या घरच्या आजी पायरीवर आल्या आणि मावशीजवळ बसल्या. दोघी पाच मिनिटं बसून होत्या. मग मावशी उठली.

कापडदुकानवाल्यांच्या घरी बाईंनी सुगड हातात घेऊन आतून बोट फिरवलं. “हा म्हाताऱ्याचा हात नाही,” त्या म्हणाल्या.

“नाय,” मावशी म्हणाली.

“मुलगा बसला का चाकावर?”

“नाय.”

“मग कुणाची?”

“घरचीच हायत,” मावशी म्हणाली.

बाईंनी पुढे विचारलं नाही. मी यादीत बघत होते. त्या वेळी यादीत बघण्यासारखं काही नव्हतं.

दुपारनंतरची घरं तितकी बरी गेली नाहीत. एका ठिकाणी गाडीवरची सोनेरी रंगाची सुगडं आधीच देव्हाऱ्याशी मांडलेली. “पुढच्या वर्षी नक्की हं मावशी,” बाई ओशाळून म्हणाल्या. मावशी म्हणाली, “बरं बाय.” आणखी एका घरी तेच. नव्या बंगल्याच्या फाटकाशी एक तरुण मुलगी आली, नीट बोलली, पाच सुगडं फाटकावरूनच घेतली आणि आत वळून म्हणाली, “आई, सुगडवाली आली होती.” आतून कुणी आलं नाही. काम झालं होतं, पण मावशी उभीच राहिली. तिची मान जरा पुढे होती, दारातून कुणी हाक मारील तर ऐकू यावं म्हणून. शेवटी मी पाटी उचलली.

परत येताना मी हिशेब सांगितला: जव्हारमधल्या तेरा घरांपैकी दहांनी घेतली. तिला ते नको होतं. ती बोटांवर दुसरंच मोजत होती.

“सहा ठिकाणी बसवलं,” ती म्हणाली.

“आधी किती ठिकाणी बसवायचे?”

“सगळीकडं.”

चौदावं घर आता जव्हारला राहत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते लोक मोखाड्याला गेले होते. मी रोज मोखाड्याला जातेच, तेव्हा ते माझ्याकडे आलं. मावशीने पाच सुगडं वर्तमानपत्रात बांधून दिली आणि बजावलं, “नुसती देऊन नको येऊ. माझं नाव सांग. बस सांगितलं तर बस. घरात नसतील तर परत जा, रथसप्तमीपर्यंत चालतं.”

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये गुडघ्यावर गठुळं धरून मी मोखाड्याला गेले. दुपारच्या सुट्टीत पत्ता शोधला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, नाशिकला लेकीकडे गेलेत, तिचे दिवस भरलेत. येतील, कधी ते सांगितलं नाही. संक्रांत झाली. मी आणखी चारदा गेले. कुलूप. सुगडं माझ्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात जावकच्या जुन्या नोंदवह्यांमागे आहेत. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, “मॅडम, कपाटात बॉम्ब ठेवलाय का?” मी ते उघडून दाखवलं. त्यांनी एक हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि जपून जागेवर ठेवलं.

संक्रांतीनंतर मावशी रविवारी येत नाही. काम संपलं, यायचं कारण संपलं. मी साडेनऊला मिक्सर लावते, थप थप करते, सात-आठ भांडी काढते. बरी निघतात. त्यांतलं जड कुठे आहे ते सांगायला कुणी नसतं. मी स्वतः अंगठा फिरवून बघते, पण आपल्याच हाताचं आपल्याला कळत नाही.

काल शनिवारी बाजारात ती भेटली. मिरच्या घेत होती. मला बघून आधी विचारलं ते हेच.

“मोखाड्याचं घर?”

माझ्या तोंडून गेलं, “पोचलं.”

“बसवलं काय?”

“बसवलं. चहा दिला.”

“कसला?”

“आल्याचा.”

“माझं विचारलं?”

“विचारलं. कशी आहे म्हणाल्या. पुढच्या वर्षी तिलाच पाठवा म्हणाल्या.”

मावशीने मिरच्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मग सात झाली,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की मी तिथून घाईने निघाले.

न गेलेल्या कागदाला सत्तावीस वर्षांत मी जावक क्रमांक टाकलेला नाही. रथसप्तमी शुक्रवारी आहे. लेकीला काय झालं, कुठल्या दवाखान्यात आहे, हे शेजारणीला विचारून नाशिकचा फोन नंबर मिळवायचा. त्यांना सांगायचं की आल्यावर आधी मला कळवा. गेल्यावर मावशीचं नाव सांगायचं, बसायचं, चहा नाही म्हणायचं नाही, आणि तिच्याबद्दल विचारायला त्यांना भाग पाडायचं. वहीत सोमवारच्या पानावर एवढं लिहिलं आहे. खूण बाकी आहे.